माझ्या पोरीचा ढ विद्यार्थी

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मग सांगतो. बघा, तुम्ही आत्ताच हसून राह्यले! अहो, मी अजून तोंडही उघडलं नाही. हा किस्सा दिग्रसमध्ये अर्ध्या लोकांना माहीत आहे आणि उरलेल्या अर्ध्यांना चुकीचा माहीत आहे, म्हणून म्हटलं एकदा माझ्याच तोंडून सगळा ऐका. चहा मात्र आणखी सांगून ठेवा, लागणार आहे.

तर मी मोजणी खात्यात आहे. लोकांची शेतं मोजतो. दोन भावांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून वाजलं, की मला बोलावतात. मी जिथं खूण करीन तिथं दगड गाडतात आणि मग दोघं भाऊ जन्मभर त्या दगडाकडे बघून मला शिव्या देतात. पण माझं माप चुकलं असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गावंडे साहेबाचा आकडा म्हणजे आकडा! आमचं घराणंच कचेरीतलं. आजोबा जेवायला बसले की पाढे विचारायचे, आणि पाढा चुकला की भाजीचं पातेलं दुसऱ्या नातवाकडे सरकायचं.

आणि अशा घरात माझी मधुरा गणिताला घाबरायची.

घाबरायची म्हणजे कशी? सहावीत गणिताची चाचणी आली की हिच्या पोटात दुखायचं. खोटं नाही, खरंच दुखायचं. पोरगी पांढरी पडायची. मी शिकवायला बसलो की पाचव्या मिनिटाला माझा आवाज चढायचा, "अगं, सोपं तर हाये!", आणि सहाव्या मिनिटाला तिच्या डोळ्यांत पाणी. एकदा मला म्हणाली, "बाबा, मी ढ हाये, हे तुमी एकदाचं मानून घ्या ना." आता सांगा, बापानं काय करावं? मी उठून गच्चीवर गेलो आणि उगाच पाण्याची टाकी तपासत बसलो.

सातवीत तिला नव्या बाई आल्या. राठोड मॅडम. वय कमी, आवाज बारीक, पण नजर अशी की पालक आपोआप सरळ बसायचे. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी पालकांची सभा घेतली. विषय काय? यंदा गणिताच्या तासाकडून घरच्यांनी काय अपेक्षा ठेवायची! मला वाटलं, चाचण्या किती, मार्क किती, गाईड कोणतं, हे सांगतील. छे!

"उदाहरणं कमी दिसतील," मॅडम म्हणाल्या. "गोंगाट जास्त ऐकू येईल. मुलं एकमेकांशी भांडतील, भांडू द्या. उत्तर चुकलं तर मी लगेच फुली मारणार नाही. 'काहून?', म्हणजे कशामुळे, असं विचारीन. तुम्हीही घरी तेवढंच विचारा. आणि 'सोपं आहे' हे दोन शब्द घरात बंद."

माझ्या मागून एक पालक बोलले, "मॅडम, पोरंच भांडतीन, पोरंच सांगतीन, मंग तुमी शिकवान कायले?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण 'सोपं आहे' मला नेमकं लागलं होतं. मी हात वर केला. "मॅडम, आमी घरी नेमकं करायचं काय?"

"फारसं काही नाही. जमलं तर एक करा साहेब. कधीमधी तुम्ही चुका. मुद्दाम. आणि चूक तिला काढू द्या. मोठं माणूस चुकतं आणि त्याला काही होत नाही, हे पोरांना दिसलं पाहिजे."

कधीमधी म्हणाल्या होत्या बाई. अगदी स्वच्छ म्हणाल्या होत्या. पण मी सरकारी माणूस! आदेश आला की अंमलबजावणी पूर्ण, शंभर टक्के. इथंच घोळ झाला.

त्याच संध्याकाळी बसलो. मधुरा अपूर्णांक घेऊन आली, तोंड पडलेलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मी कपाळाला आठ्या घातल्या, पेन चावलं, आणि वरची वरच्यात, खालची खालच्यात मिळवून ठणकावून सांगितलं, "दोन छेद पाच!"

तिनं वही स्वतःकडे ओढली. मग हळूच म्हणाली, "बाबा... अर्ध्या पोळीत आणखी पोळी टाकली, तर अर्ध्याहून कमी कशी होईन?"

"म्हणजे?"

"दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून कमीच झालं ना! आधी होती त्याच्याहून कमी पोळी! बाबा, तुमची पोळी कोणी खाल्ली?"

आणि पोरगी हसली हो. गणिताचं पुस्तक समोर उघडं असताना हसली!  त्या हसण्यासाठी मी पुढची दहा वर्षं चुकायला तयार होतो.

मग मी सुटलोच. रोज एक नवी चूक. दिवसा ऑफिसात बसून रात्रीची चूक ठरवायचो, कारण चांगली चूक काढायला डोकं लागतं महाराज! क्षेत्रफळ आलं तेव्हा तर मी कमाल केली. म्हटलं, "चौकोनाची बाजू दुप्पट केली का क्षेत्रफळबी दुप्पट. एवढं काय त्यात?" मधुरानं मला हॉलमधल्या फरशीवर उभं केलं. एक फरशी दाखवली. मग दोन बाय दोन. "मोजा." मी मोजल्या. चार. मी दोन्ही हात गालावर ठेवून म्हटलं, "अरे बापरे!" असा अभिनय केला की नाटक मंडळानं येऊन सत्कार करावा.

पंधरवड्यात घरात फळा आला. मधुरा टॉवेल पदरासारखा खांद्यावर टाकून मला शिकवायची. तिच्या मैत्रिणी बघायला यायला लागल्या. पोरी खिडकीत, मी सतरंजीवर मांडी घालून. मधुरा म्हणायची, "हसू नका गं. ते शिकून राह्यले."

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पुढं काय होणार. माझ्या नाही आलं! त्या पोरींना घरं असतात, घरात आया असतात, आयांना शेजारणी असतात, हे एवढं साधं गणित मला सुचलं नाही.

पहिला बार टपरीवर फुटला. चहावाल्यानं विचारलं, "गावंडे साहेब, दोन कप देऊ का दोन छेद पाच?" सगळी टपरी हसली. मीही हसलो, म्हटलं चालायचंच. मग ऑफिसात आमचा शिपाई गजू अगदी मायेनं म्हणाला, "सायेब, उद्याच्या मोजणीत आकडे मी वाचतो. तुमी सावलीत बसा."

घरी येऊन बायकोला म्हटलं, "वैशाली, हे अती होऊन राह्यलं. तू तरी सांग ना लोकायले, का मी मुद्दाम चुकतो म्हणून."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरंच मुद्दाम?"

"म्हणजे काय! तुले माहीत नाई?"

"नाई, म्हणजे मधुराच्या बारशाच्या वेळी स्वयंपाक्याले तुमी साठ माणसं सांगतली अन् दीडशे आले, तेबी मुद्दाम होतं का?"

बायको ही अशी साक्षीदार असते. आपल्या बाजूनं बोलावली की समोरच्याच्या बाजूला जाऊन बसते.

पण खरा दणका बसला तो शेतात. जवळच्याच एका गावात दोन भावांची मोजणी होती. मोजून झालं, खुणा झाल्या, थोरल्याचा धुरा हातभर आत सरकला. एरवी अशा वेळी हरलेला भाऊ सरकारला शिव्या देतो, नशिबाला देतो, धाकट्याच्या बायकोला देतो. हा थोरला शांत. अतिशय अदबीनं मला बाजूला घेतलं.

"सायेब, राग नोका मानू. आमची सोनी तुमच्या मधुराच्याच वर्गात हाये."

"बरं मंग?"

"ते म्हणे, तुमाले क्षेत्रफळ येत नाई."

माझ्या हातातून खुणेचं निशाण पडायचं तेवढं राहिलं. हा गृहस्थ पुढं म्हणतो, "तुमची काई चूक नाई सायेब. कोणाले येते, कोणाले नाई येत. पण दुसरा सायेब पाठवता का, ज्याले येते असा?"

आता धाकटा खवळला. थोरल्याचा मुलगा खवळला. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून धुऱ्यावर येऊन बसल्या. "मोजा पुन्हा!" मला भर उन्हात सगळ्या गावासमोर ते शेत पुन्हा मोजावं लागलं. आणि मी एकेक आकडा बोललो की थोरला मोबाईलवर तपासून गर्दीकडे बघून मान डोलवायचा, "हे बरोबर हाये." जसा मी पाढे म्हणणारा पोरगा आणि तो माझा मास्तर! माप तेच निघालं. पण जाताना कापूस वेचणारी एक बाई दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं, "पोरीनं चांगलं शिकवलं हाये बघ त्याले."

गाडीवर बसलो तो ठरवूनच. बस झालं! आज घरी जायचं, मधुराला समोर बसवायचं आणि सांगून टाकायचं. नोकरीचा प्रश्न आहे. उद्या कोणी वर अर्ज केला, की या मोजणीवाल्याला मोजता येत नाही, तर साहेबाला काय सांगू? पोरीला हसवत होतो म्हणून?

घरी पोचलो तर मधुरा दारातच. हातात चाचणीचा पेपर. वीसपैकी अठरा. सहावीतल्या त्या पांढऱ्या पडणाऱ्या पोरीला अठरा! मला काही बोलूच देईना.

"बाबा, पोटात दुखलंच नाई. मी फक्त इतकंच मनात आणलं का, हे आता बाबाले कसं समजावून सांगू. अन् आपोआप आलं." मग जवळ येऊन म्हणाली, "तुमी एवढे मोठे सायेब, तुमाले येत नाई तरी तुमी रोज बसता. मंग मी कायले घाबरू?"

सांगा आता. अशा पोरीला कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, ते सगळं नाटक होतं?  वैशालीनं पाण्याचा ग्लास आणून दिला, तो पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन राठोड मॅडमना गाठलं. चांगलाच चिडलो होतो. "मॅडम, तुमी तर सभा घेऊन मोकळ्या झाल्या. इकडे सारं गाव माझं शिक्षक झालं!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओठ दाबून ऐकलं, ते मला दिसलं. "साहेब, मी कधीमधी म्हटलं होतं."

"ते आता सोडा. हे बंद कसं करू ते सांगा."

"एकदम नका सांगू. आत्ता कुठं तिला धीर आलाय, खोटं होतं म्हटलं की पुन्हा शून्य. तुम्ही हळूहळू सुधारा. तिनं शिकवलं आणि तुम्हाला आलं, असं होऊ द्या."

पटलं मला. रस्ता सरळ होता. पोरीचा धीर राहतो, माझी अब्रू परत येते. फक्त सुधारायचं, आणि गावाला दिसेल असं सुधारायचं. पण गावाला दाखवायचं कसं?

तेही झालं. कसं झालं ते ऐका! आपल्याकडे शिक्षकांच्या मागं एक काम असतं. घरोघर जाऊन, ज्या मोठ्या माणसांना लिहिणं, वाचणं, हिशेब येत नाही त्यांची नावं घ्यायची, त्यांना शिकवायचं, आणि मग एका रविवारी शाळेत त्यांची परीक्षा घ्यायची. आमच्या गल्लीत एक नवे सर आले. बदलून आलेले, कोणाला ओळखत नव्हते. मी कामावर, वैशाली बाजारात. सरांनी विचारलं, घरात शिकणारं कोणी मोठं माणूस आहे का? आणि माझ्या लेकीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "हायेत ना! माझे बाबा. वाचता चांगलं येते, गणित शिकून राह्यले. मीच शिकवते."

सरांनी नाव घातलं. काय करतात, कुठं असतात, काही विचारलं नाही. गावंडे, गणित कच्चं. संपलं!

मला कळलं तेव्हा मी घरात केवढा तरी ओरडलो. नाव कापून आणतो म्हणून चप्पल घातली. आणि दारात थबकलो. म्हटलं थांब. ही परीक्षा म्हणजे बेरीज, वजाबाकी, घड्याळ, साधी मापं. मी डोळे मिटून पैकीच्या पैकी घेईन. मग मधुरा शाळेत सांगेल, सोनी घरी सांगेल, टपरीवर कळेल: पोरीनं शिकवलं, बाबा पास झाले, पूर्ण मार्क! एका दगडात सगळा प्रश्न मिटतो. एवढी सोन्यासारखी संधी कोण सोडतं?

रविवारी सकाळी मधुरानं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. पेन्सिलीला टोक करून दिलं. "घाई करू नका बाबा. प्रश्न दोनदा वाचा." मी मनात हसलो.

वर्गात माझ्या पुढं-मागं सगळ्या आज्या. एक आजोबा शाळेच्या बाकात अडकले, त्यांना दोघांनी बाहेर काढलं. पेपर वाटायला आल्या राठोड मॅडम! मला बघून त्यांच्या हातातले पेपरच घसरले.

"गावंडे साहेब, तुम्ही?"

"तुमच्याच कृपेनं," मी म्हटलं. "द्या पेपर."

शेजारच्या आजीनं कोपर मारलं. "बापू, हात बाजूले घे ना. दिसत नाई मले." मी उदारपणे हात बाजूला घेतला. कॉपी करा म्हटलं आजी, आज लुटा! सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडलो. मॅडमकडे बघून मिशीवरून हातही फिरवला.

बाहेर कडुनिंबाखाली मधुरा उभी. "प्रश्नपत्रिका दाखवा." आम्ही एकेक तपासत गेलो. बरोबर, बरोबर, बरोबर. तिचा चेहरा फुलत होता, माझी छाती फुगत होती. आला शेवटचा प्रश्न. बारा मीटर लांबीचा सरळ धुरा. दोन्ही टोकांना खांब हवेत. दर तीन मीटरला एक. खांब किती लागतील?

"चार," मी म्हटलं.

तिनं बोट त्याच प्रश्नावर ठेवलं.

"चार गं! बारा भागिले तीन, चार."

"काहून चार?"

"काहून म्हणजे? भागाकार हाये! अगं, मी जन्मभर हेच करून राह्यलो. धुऱ्यावर खांब गाडणं हे माहं काम हाये! तू मले खांब शिकवतं?"

आवाज चढला होता माझा. शाळेतून निघालेल्या आज्या थांबून बघायला लागल्या.

मधुराचा आवाज चढला नाही. "पहिला खांब कुठी गाडला?"

"सुरुवातीले. टोकावर."

"मंग बोटावर मोजा."

मी करंगळी दुमडली. टोक. मग तीन मीटर, सहा मीटर, नऊ मीटर. चार बोटं झाली आणि मी बाराव्या मीटरच्या दुसऱ्या टोकाला पोचलोच नव्हतो. अंगठा उरला होता. तो तसाच वर, माझ्याकडे बघत. मी तो मुकाट्यानं दुमडला.

पाच.

या वेळी मी मुद्दाम चुकलो नव्हतो हो! अगदी मनापासून, प्रामाणिकपणे, धंद्यातल्याच गोष्टीत चुकलो होतो. मागून माझी शेजारीण आजी ओरडली, "म्हणजे माहंबी गेलं का रे बापू?"

तेव्हा माझा तोल गेला. जे महिनोन्महिने गिळलं होतं ते त्या कडुनिंबाखाली, सगळ्यांसमोर बाहेर पडलं. "मधुरा, ऐक! मले गणित येते! आतापर्यंतच्या साऱ्या चुका मी मुद्दाम केल्या होत्या! पोळी, फरशी, सारं नाटक होतं! फक्त हीच एक खरी चुकली!"

वाटलं, आता रडते. आता हिचा धीर गेला.

पोरगी रडली नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या समजूतदारपणे, की मला माझी आई आठवली. "हो बाबा," ती म्हणाली. "मीबी सहावीत मैत्रिणींले असंच सांगत होती, का मले येते, मुद्दाम चुकली."

आणि ती सरळ वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या राठोड मॅडमकडे गेली. "मॅडम, बाबाले अजून थोडं लागन. त्यायचं नाव पुढल्या वर्षीबी राहू द्या ना."

मी मॅडमकडे बघितलं. अहो, साऱ्या दिग्रसमध्ये त्या एका बाईला तरी खरं माहीत होतं. हात जोडायचे तेवढे मी बाकी ठेवले होते.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मधुराकडे बघितलं, आणि पेन काढून माझं नाव लिहून घेतलं.